नऊ भोकं, नऊ स्टँडऑफ

सांगली, रविवार, संध्याकाळ

मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीवरचा कॉम्प्युटर आज नव्या कॅबिनेटमध्ये गेला. कॅबिनेट एटीएक्स मापाचं, मदरबोर्ड त्याहून लहान, मायक्रो-एटीएक्स मापाचा. मोठ्या घरात लहान बोर्ड बसवायचा म्हटलं की आधी पत्र्याकडे बघायचं, बोर्डाकडे नंतर.

एटीएक्स बोर्ड 305 बाय 244 मिलिमीटरचा असतो आणि त्याला बहुधा नऊ भोकं असतात. मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त 244 बाय 244, पण स्वस्तातले बोर्ड रुंदीला कमी असतात आणि त्यांना सहाच भोकं. त्याहून लहान मिनी-आयटीएक्सला चार. कॅबिनेटवाले मात्र पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे आणि वरून स्क्रू घेणारे छोटे खुंट, आपल्या अंदाजाने आधीच ठोकून पाठवतात. त्यातला एखादा बोर्डाखाली येतो आणि वर भोकच नसतं. मग त्याचं टोक बोर्डामागच्या सोल्डरच्या टोकांना टेकतं, बटण दाबल्यावर पंखा जरासा हलतो आणि एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) स्वतःला वाचवायला बंद पडतो. ‘बोर्ड गेला’ म्हणून दुकानात येणाऱ्या नव्या जोडणीत हे आधी तपासावं: बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवायचा आणि चालवून बघायचा. तिथे चालला तर दोष पत्र्याचा. बोर्ड ज्या चंदेरी पिशवीत येतो तिच्यावर ठेवून चालवू नये, तिचा बाहेरचा थर वीज वाहू शकतो.

म्हणून बोर्ड आत धरून भोकं मोजायची, बोर्ड बाजूला ठेवायचा, जास्तीचे स्टँडऑफ काढायचे, कमी पडतील तिथे लावायचे. स्टँडऑफ हाताने फिरवून सोडून देऊ नये. पान्याने किंवा पक्कडीने हलकेच आवळायचा. सैल राहिला तर पुढे कधी बोर्ड काढताना स्क्रूबरोबर तोच फिरत राहतो, आणि बोर्डाखाली पक्कड जात नाही.

बोर्ड आत जाण्याआधी प्रोसेसर, रॅम, एम-डॉट-टू (बोर्डावरच बसणारी एसएसडी) आणि शक्यतो प्रोसेसरचा कूलरही बाहेरच बसवावा. अरुंद बोर्डाची उजवी कड अधांतरी असते, तिथे विजेचा 24 पिनचा कनेक्टर दाबताना बोर्ड वाकतो; खालून बोटाचा आधार द्यायचा. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनची वायर आधीच वरच्या कोपऱ्यातून काढून ठेवावी, नंतर तिथे हात शिरत नाही.

मागची आयओ प्लेट (यूएसबी, लॅनच्या तोंडांभोवतीचा पातळ पत्रा) आतून दाबून चारही कोपऱ्यांना ‘टक्’ वाजेपर्यंत बसवायची. बोर्ड सरकवताना तिच्या पत्र्याच्या जिभा यूएसबी किंवा लॅनच्या तोंडात घुसतात, ते टॉर्च लावून बघायचंच. तीच प्लेट स्प्रिंगसारखी बोर्डाला पुढे ढकलते, त्यामुळे भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटर हुकतात. बोर्ड मागे दाबून धरायचा आणि पहिला स्क्रू लावायचा.

स्क्रूंची गल्लत इथे नेहमीची. स्टँडऑफ बहुतेक वेळा 6-32 या इंची मापाच्या आट्याचे असतात, काही एम-3 या मिलिमीटर मापाचे. एम-3 बारीक आहे: 6-32 च्या स्टँडऑफमध्ये तो नुसता फिरतो, पकडत नाही. उलट 6-32 एम-3 मध्ये दोन फेऱ्यांतच अडतो आणि जोर लावला की आटे जातात. पुडीतला प्रत्येक स्क्रू रिकाम्या स्टँडऑफवर बोटांनी फिरवून बघितला की शंका मिटते. सगळे आधी अर्धेच लावायचे, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांनी आवळत जायचं. स्क्रूड्रायव्हर दोनच बोटांत धरायचा; स्क्रू टेकल्यावर थोडंसं वळण पुरे. लाल फायबर वॉशर लागत नाहीत. भोकाभोवतीचं धातूचं कडं बोर्डाला कॅबिनेटशी जोडतं, वॉशर तेच तोडतो.

कृष्णेकाठी आणखी एक. 2019 च्या पुरासारख्या पाण्यात राहिलेल्या कॅबिनेटमध्ये पितळ टिकतं, पत्र्यातले आटे गंजतात. वरून आवळल्यासारखं वाटतं, बोर्ड मात्र हलतो. असं कॅबिनेट भंगारात दिलेलं बरं.

झाकण लावण्याआधी कॅबिनेट उचलून तिरपं हलवायचं. खुळखुळ आली तर पडलेला स्क्रू बाहेर काढल्याशिवाय प्लग लावायचा नाही.