सात पिसं होती, पाचच उरली

पॅलेस्टिनी लेखक घस्सान कनाफानीची हैफा या बंदराच्या शहराला परतण्याची १९६९ ची छोटी कादंबरी काल रात्री एका बैठकीत वाचली आणि झोपच लागली नाही. एप्रिल १९४८, गोळीबार, सईद आणि सफिया हे पॅलेस्टिनी जोडपं, गर्दीच्या लोंढ्यात बंदराकडे ढकलले जातात आणि पाच महिन्यांचं बाळ घरातच राहतं!! वीस वर्षांनी, १९६७ च्या युद्धानंतर, ते स्वतःच्याच घराची बेल वाजवतात, दार उघडते पोलंडहून आलेली मिरियम, तिनेच बाळाला वाढवलंय, आता तो इस्रायली सैन्यात आहे. पण मला खरं रडवलं ते फुलदाणीने, मोराची सात पिसं होती तिथे आता पाचच, आणि सईद विचारतो बाकीची दोन कुठे गेली? स्वतः कनाफानीही बाराव्या वर्षी आपलं शहर अक्का सोडून निघालेला.