पाणी पायाकडे वळू नये म्हणून

पुण्यात काळ्या मातीच्या प्लॉटवर गोची उन्हाळ्यातच होते. माती आक्रसते, भिंतीलगत बोटभर भेग पडते आणि जूनचा पहिला पाऊस थेट घराच्या पायात उतरतो. नुसता चर खणून हे थांबत नाही. आधी तिथली माती फूटभर काढून मुरूम भरा, पाणी मारून थराथराने धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा, वर काँक्रीटचा पट्टा. अंगणाला उतार बाहेरच्या बाजूला, १० फुटांत ६ इंच. लेव्हलच्या नळीने तपासा, गवंड्याच्या नजरेवर सोडू नका.

मग भिंतीपासून ५-६ फुटांवर दीड फूट खोल चर. त्यात जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), २० मिमी खडी, भोकं खाली करून ११० मिमीचा पाईप, शंभराला एक उतार. कापड वरूनही गुंडाळा, नाहीतर खडी गाळाने तुंबते. गच्चीचं पाणी मात्र वेगळ्या पाईपने न्या. ड्रेनेजच्या चेंबरला तर मुळीच जोडू नका.