सत्ताविसावा विभाग

सकाळी संगणक उघडला तर पहिलाच निरोप: ‘नवीन विभागाचा साठा उघडत नाही. बाकी सगळं चालू आहे.’

गोदामाच्या साठ्याचा तो प्रोग्रॅम मीच लिहिलेला. पायथनमध्ये, मागे एसक्यूलाइट हा डेटाबेस. दोन वर्षं त्याने कधी कुरकुर केली नव्हती. विभागांना इंग्रजी अक्षरं दिली होती, ए पासून झेडपर्यंत. आदल्या संध्याकाळी सत्ताविसावा विभाग सुरू झाला, अक्षरं संपली, म्हणून एक्सेलच्या रकान्यांसारखं त्याचं नाव ‘एए’ ठेवलं गेलं.

दोन अक्षरं म्हटल्यावर माझा संशय थेट डेटाबेसवर. टेबल बनवताना त्या रकान्याचा प्रकार मी व्हारकॅर(1), म्हणजे एकाच अक्षराचा मजकूर, लिहिला होता. अर्धा तास स्कीमा, म्हणजे टेबलाची रचना, बदलायच्या तयारीत घालवला, आणि मग आठवलं की एसक्यूलाइट ती लांबी पाळतच नाही. एक लिहा नाहीतर शंभर, आत काहीही मावतं. नोंद टेबलात व्यवस्थित होतीच, ती वाचताना गाडी अडत होती.

एवढा उपद्व्याप झाल्यावर एरर नीट वाचली. (हे आधी करायचं असतं, मला माहीत आहे.) तिचं म्हणणं असं: वाक्यात जागा एक आहे आणि तुम्ही मूल्यं दोन दिलीत. दोन कुठून आली? मी तर एकच कोड देत होते. शेजारची ज्युनियर म्हणाली, “मॅडम, तीन अक्षरी काहीतरी देऊन बघा ना.” शेलमध्ये ‘एबीसी’ टाकलं. उत्तर आलं, तीन दिलीत.

मग दोघी त्या ओळीवर वाकलो. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला पाठवायच्या वाक्यात, मूल्याची जागा दाखवणारं एक प्रश्नचिन्ह, आणि मूल्यांच्या जागी (विभाग). दोन वर्षं मी याला टपल, म्हणजे पायथनमधली मूल्यांची रांग, समजत होते, आणि तो टपल नव्हताच! टपल होतो स्वल्पविरामामुळे. कंसांचा त्यात काही वाटा नसतो, रिकामा टपल तेवढा सोडून. (5) म्हणजे नुसते 5, तसा (विभाग) म्हणजे नुसता विभाग. एकाच मूल्याचा टपल हवा असेल तर (विभाग,) असा, शेवटचा स्वल्पविराम लोंबकळत ठेवूनच लिहावा लागतो.

मग सव्वीस विभाग चालले कसे? इथे मात्र मला हसू आलं. क्वेरी चालवणाऱ्या एक्झिक्यूटला टपलच लागतो असं नाही, क्रमाने मूल्यं देणारं काहीही त्याला चालतं. पायथनमध्ये स्ट्रिंग ही अक्षरांची रांगच. ‘ए’ दिला की जागा एक, अक्षर एक, हिशेब जुळला. माझ्या टेस्टमध्ये ‘ए’ आणि ‘बी’ एवढेच कोड, त्या पास होऊन हिरव्याच राहणार. विभागांना आकडे दिले असते तर चूक पहिल्याच दिवशी सापडली असती, कारण आकड्यातून एकेक मूल्य काढता येत नाही. पायथनने जागच्या जागी हात वर केले असते.

दुरुस्ती एका स्वल्पविरामाची. पण हात शिवशिवत होते, म्हणून जाता जाता थोडी साफसफाईही केली. कोड मोठ्या अक्षरांत बदलणारा भाग फंक्शनच्या कॉलमध्ये, बाकीच्या आर्ग्युमेंटच्या, म्हणजे फंक्शनला दिलेल्या मूल्यांच्या, रांगेत बसला होता. तो उचलून वर स्वतंत्र ओळीवर आणला. चालवून पाहिलं, तर नवीच एरर: ‘टपल’ हा प्रकार इथे चालत नाही.

आता मात्र मी खुर्ची मागे ढकलली. सकाळपासून टपल होत नव्हता म्हणून रडत होतो, आता टपल झाला म्हणून तक्रार? ज्युनियरने स्क्रीनवर बोट ठेवलं. उचलून आणलेल्या ओळीच्या शेवटी जुन्या रांगेतला स्वल्पविराम तसाच चिकटून आला होता. त्यामुळे विभाग हाच आता एका मूल्याचा टपल झाला होता, आणि मी तो दुसऱ्या टपलात घालून पाठवत होते. कंस नसतानाही! सकाळचा धडा दुपारी उलट्या बाजूने.

तो स्वल्पविराम पुसला आणि ‘एए’ उघडला. एका मूल्यासाठी मी आता अशा ठिकाणी सरळ लिस्ट देते, [विभाग]. चौकोनी कंसाला शेवटच्या स्वल्पविरामाची गरज नसते. आमच्यातल्या काहींना ते पटत नाही, नसू दे.

मग सगळा कोड शोधला. अशीच ओळ आणखी तीन ठिकाणी सापडली. तिन्ही ठिकाणी पाळीचा कोड, दिवसासाठी ‘डी’ आणि रात्रीसाठी ‘एन’. एकेकच अक्षर, म्हणून सगळं सुरळीत.

“मॅडम, चालतंय की ते,” ज्युनियर म्हणाली.

“हो, चालतंय,” म्हटलं, आणि पहिली फाईल उघडली.