तुम्ही विचारलंत म्हणून : मी लोगीला मत का देते

गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत हा प्रश्न मला हमखास येतो. "तुम्ही खरंच त्या लोगीला मत देता? दरवर्षी?" विचारणारे मेलबर्नमध्ये माझ्याइतकीच वर्षं राहिलेले असतात, पण इथला टीव्ही त्यांनी क्रिकेट आणि 'मास्टरशेफ' यांच्यापलीकडे पाहिलेला नसतो. सांगलीहून भाऊ हेच जरा वेगळ्या सुरात विचारतो. "ताई, लोकांनी मतं देऊन ठरवायच्या बक्षिसाला काय किंमत? ज्याचे फोटो जास्त छापून येतात, तो जिंकतो." दोघांनाही मी आजवर घाईत उत्तर दिलं आहे. आज नीट देते.

आधी लोगी म्हणजे काय ते सांगते. ऑस्ट्रेलियाच्या टीव्हीवरचे हे सगळ्यात जुने वार्षिक पुरस्कार. 'टीव्ही वीक' नावाचं साप्ताहिक ते देतं. आपल्याकडे एकेक वाहिनी आपल्याच मालिकांना आपलेच पुरस्कार देते, तसं इथे नाही. सेव्हन, नाइन, टेन, सरकारी एबीसी आणि एसबीएस, सगळ्यांची माणसं एकाच सभागृहात बसतात. काही पुरस्कार या क्षेत्रातले जाणकार ठरवतात, काही प्रेक्षक. आणि सर्वांत मोठा जो गोल्ड लोगी, वर्षातल्या सर्वांत लोकप्रिय व्यक्तीचा, तो पहिल्यापासून प्रेक्षकांच्या मतांचा.

इथे टीव्ही सुरू झाला सप्टेंबर १९५६मध्ये, मेलबर्नचं ऑलिंपिक तोंडावर आलं होतं तेव्हा. १९५९मध्ये साप्ताहिकाने पहिले पुरस्कार दिले, ते ग्रॅहम केनेडी या निवेदकाच्या रात्रीच्या कार्यक्रमात. पुढच्या वर्षी 'लोगी' हे नाव केनेडीनेच सुचवलं, जॉन लोगी बेअर्ड या स्कॉटिश संशोधकाच्या मधल्या नावावरून. बेअर्डने लंडनमध्ये आपलं दूरचित्रवाणी यंत्र चालवून दाखवलं, तो दिवस होता २६ जानेवारी १९२६. आपला प्रजासत्ताक दिन आणि या देशाचा राष्ट्रीय दिवसही २६ जानेवारीच. योगायोगच आहे, पण मला तो आवडतो.

मी इथे आले १९९७मध्ये. दोन वर्षांनी वृद्धांच्या निवासात काळजी घेण्याचं काम मिळालं. अंघोळी घालायच्या, औषधं वेळेवर द्यायची, जेवण भरवायचं. माझ्या चार अक्षरी नावाचं तिथे पहिल्याच आठवड्यात दोन अक्षरी झालं. मला कोणी विचारलं नाही, आणि मीही काही बोलले नाही.

त्या निवासात कोपऱ्यातल्या खोलीत एक आजी होत्या. हात थरथरायचे, तरी कात्री कोणाला द्यायच्या नाहीत. दर वर्षी 'टीव्ही वीक'मध्ये लोगीचं मतदानाचं कूपन यायचं. ते कापायचं, नावं भरायची, पाकिटात घालून पोस्टात टाकायचं. कूपन कापताना त्या मला बाजूला बसवायच्या आणि एकेका नावाचं कारण सांगायच्या. एक निवेदक का, तर यजमान गेले त्या हिवाळ्यात रोज सकाळी त्याचाच आवाज घरात होता. 'ब्लू हीलर्स' या पोलीस मालिकेतली लिसा मॅकक्यून का, तर "ती खोटं हसत नाही." लिसाला १९९७ ते २००० सलग चार वर्षं गोल्ड लोगी मिळाला. त्यातलं निदान एक मत कुठून गेलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एका वर्षी आजींनी कात्री माझ्यापुढे केली आणि म्हणाल्या, "आता तू. तूही बघतेसच की." या देशात मी तेव्हा कर भरत होते, बसने फिरत होते, भाडं देत होते. पण माझं मत कोणी मागितलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. नागरिकत्व मिळून खऱ्या निवडणुकीत मत द्यायला अजून वेळ होता. मी कूपन कापलं, भरलं आणि स्वतः पोस्टाच्या पेटीत टाकलं.

भाऊ म्हणतो, त्याला काय किंमत. आता ते सांगते. आमच्या लहानपणी वाड्यात एकाच घरी टीव्ही होता. रविवारी संध्याकाळी त्या दाराशी चपलांचा ढीग पडायचा. पडद्यावर जे कोण यायचं त्याला त्या घरातल्या काकू जणू पाहुणा आल्यासारखं बघायच्या. "हा भला माणूस आहे," "ही फार आगाऊ," असं ठरवून मोकळ्या व्हायच्या. तो अभिनयाचा निकाल नव्हता. आपल्या बैठकीत कोणाला यायला जायला मोकळीक द्यायची, याचा तो निवाडा होता. सिनेमाला आपण उठून जातो, टीव्ही मात्र आपल्या घरात येतो, आपण जेवत असताना, आजारी असताना, भांडण होऊन गप्प बसलेलो असताना. रोज घरी येणाऱ्या माणसाबद्दल घरच्यांना विचारणं यात मला काहीच हलकं वाटत नाही. जाणकारांचा निकाल वेगळा असतो, तो वेगळा दिलाही जातो, आणि मी तो मानते. पण 'कोण उत्तम' आणि 'कोण आपलं' हे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर परीक्षक मंडळाकडे कुठून असणार?

जॉन वूडचंच घ्या. 'ब्लू हीलर्स'मधला पोलीस सार्जंट. हा माणूस नऊ वेळा गोल्ड लोगीच्या यादीत आला आणि नऊही वेळा रिकाम्या हाताने परतला. २००६मध्ये वाहिनीने मालिका बंद करायचं ठरवलं आणि त्याच वर्षी, दहाव्या खेपेला, लोकांनी त्याला निवडून दिलं. त्या वर्षी त्याचं काम आदल्या नऊ वर्षांपेक्षा सरस होतं असं कोणी म्हणणार नाही. दारातून निघालेल्या पाहुण्याला आपण "थांबा, हे घेऊन जा" म्हणतो, तसं ते होतं. आणि १९७६मध्ये तर लोकांनी गोल्ड लोगी एका पात्राला दिला. गॅरी मॅकडॉनल्ड या नटाने उभा केलेला नॉर्मन गन्स्टन, दाढी करताना कापलेल्या गालावर कागदाचे कपटे चिकटवून मुलाखती घेणारा वेंधळा. बक्षीस गन्स्टनच्या नावाने गेलं. घरात येणारा तोच होता, मग मत त्यालाच.

लोकांच्या मताचा खेळही करता येतो, हे मला ठाऊक आहे. २०१८मध्ये टॉम ग्लीसन या विनोदवीराने दुसऱ्यासाठी प्रचार केला, तो जिंकला. पुढच्या वर्षी त्याने स्वतःसाठी थट्टेथट्टेत प्रचार केला आणि स्वतः जिंकला. पुष्कळ लोक हसले. मला त्या रात्री वाईट वाटलं, अजूनही वाटतं, कारण माझ्या डोळ्यांपुढे थरथरत्या हातांनी कूपन कापणाऱ्या आजी होत्या.

पण माझी खरी तक्रार वेगळ्याच जागी आहे. मत द्यायचं तर नाव यादीत हवं. यादीत यायचं तर पडद्यावर हवं. आणि पडद्यावर कोणाला आणायचं, हे ठरवताना आम्हाला कोणी कूपन पाठवत नाही. २०१६मध्ये स्क्रीन ऑस्ट्रेलिया या सरकारी संस्थेने पाच वर्षांतल्या १९९ नाट्यमालिका तपासून अहवाल काढला. लोकसंख्येत ब्रिटिश-आयरिश वंशापलीकडची माणसं ३२ टक्के. मुख्य पात्रांत १८ टक्के. मला आकड्यांत फारसं कळत नाही, पण हे आकडे मी निवासाच्या जेवणघरात रोज पाहत होते. ताटं वाढणाऱ्या आम्ही केरळच्या, नेपाळच्या, फिलिपीन्सच्या, सांगलीच्या. समोरच्या पडद्यावर आमच्यातली एकही नाही. 'नेबर्स' या मेलबर्नमध्येच चित्रित झालेल्या मालिकेत कपूर नावाचं भारतीय कुटुंब आलं, तेव्हा आम्ही रजेच्या वेळा जुळवून पाहिलं. थोड्याच काळात ते कुटुंब मालिकेतून गेलं. शेजारचं बिऱ्हाड रिकामं झाल्यासारखं वाटलं मला.

त्या अहवालाच्या आधीच्या वर्षीच, २०१५मध्ये, मिरांडा टॅप्सेल या आदिवासी अभिनेत्रीने नवोदितांचा लोगी घेताना मंचावरून सांगितलं होतं, की सावळ्या, काळ्या, सगळ्या रंगांची सुंदर माणसं पडद्यावर आणा. टाळ्या भरपूर पडल्या होत्या.

म्हणून ८ मे २०१६ची रात्र. रविवार होता, मदर्स डे. दिवसभर निवासात लेकी-सुनांची, फुलांची गर्दी. माझी पाळी संपली तरी मी थांबले, कारण वालीद अली गोल्ड लोगीच्या यादीत होता. रोज संध्याकाळी बातम्यांवर बोलणारा, इजिप्तहून आलेल्या आईबापांचा मुलगा. माझं मत त्याला होतं. मुसलमान म्हणून नाही, सावळा म्हणूनही नाही. कठीण गोष्ट सोपी करून सांगताना तो समोरच्याला मूर्ख समजत नाही, म्हणून. नाव पुकारलं गेलं ते त्याचंच.

मंचावर आल्यावर तो आधी म्हणाला, टीव्हीची बटणं फिरवू नका, चित्रात काही बिघाड नाही. सभागृह हसलं. मग त्याने एक प्रसंग सांगितला. त्याच सभागृहातला एक जण मघाशी त्याच्यापाशी येऊन म्हणाला होता, की तू जिंकलास तर फार बरं होईल. माझं खरं नाव मुस्तफा आहे, पण ते मला वापरता येत नाही, वापरलं तर काम मिळणार नाही. हे सांगताना वालीदचा आवाज जड झाला होता.

मी जेवणघरात उभी होते, हातात चहाचे रिकामे कप. गळ्यातल्या बिल्ल्यावर माझं दोन अक्षरी नाव. दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात जाऊन नवा बिल्ला मागितला, पूर्ण नावाचा. त्यांनी लगेच करून दिला. काही म्हातारे आजही जुन्याच नावाने हाक मारतात, आणि त्यांचा मला राग नाही. पण बिल्ला पूर्ण आहे.

आता तुम्हीच सांगा, असल्या बक्षिसाला काय किंमत, असं मी कशी म्हणू? त्या रात्री उत्तम पत्रकार कोण ते ठरलं नाही. आपल्या बैठकीत कोण बसतं, हे लाखो घरांनी मिळून सांगितलं, आणि ज्यांनी अशी माणसं दाराबाहेर ठेवली होती त्यांना ते ऐकावं लागलं. एका रात्रीने सगळं बदललं असंही मी म्हणत नाही. त्यानंतरची गोल्ड लोगीची नावं पाहिलीत तर तुम्हाला कळेलच. म्हणून तर मत देत राहायचं.

ऑगस्ट २०२५चा गोल्ड लोगी लिन मॅकग्रेंजरला मिळाला. 'होम अँड अवे'मध्ये ती ३३ वर्षं आयरिन होती. बहात्तराव्या वर्षी जिंकली. मालिकेत त्याच सुमारास आयरिनला अल्झायमर होतो आणि ती गाव सोडून जाते. आमच्याकडच्या निम्म्या खोल्यांत हाच आजार आहे. एरवी त्या मालिकेच्या वेळी पेंगणाऱ्या बायका ते भाग ताठ बसून बघत होत्या. एकीने माझं मनगट घट्ट धरलं आणि प्रसंग संपेपर्यंत सोडलं नाही.

आता कूपन नसतं, मतदान इंटरनेटवर होतं. त्यामुळे मत घ्यायला मीच टॅबलेट घेऊन खोल्याखोल्यांतून फिरते. ज्याला द्यायचं त्याने द्यावं, नको त्याने नाही म्हणावं. २०२५मध्ये एक आजोबा होते, नव्वदी ओलांडलेले, तरुणपणी टीव्हीचे अँटेना बसवायचं काम करायचे. मी यादी वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "ग्रॅहम केनेडी."

केनेडी २००५मध्ये गेला. मी म्हटलं, "हे नाव यादीत नाहीये."

"मग लिही," ते म्हणाले.

टॅबलेटवर लिहायला जागा नव्हती. मी औषधांच्या गाडीवरून कात्री आणली, कोऱ्या कागदाचा एक चौकोन कापला आणि त्यांच्या हातात पेन दिलं. त्यांनी नाव लिहिलं, खाली सही केली, आणि पोस्टाची पुढची वेळ कधी आहे ते मला विचारलं.