वेसाइड इन: घोडागाड्यांच्या काळातल्या सराईत मुक्काम

बॉस्टनच्या पश्चिमेला साधारण 32 किलोमीटरवर सडबरी गावात 1716 पासूनची एक सराई आहे आणि तिथे आजही राहायला खोली मिळते. डेव्हिड हाऊ यांनी राहत्या घरातच वाटसरूंची सोय करण्याचा परवाना काढला. दारावरून बॉस्टन पोस्ट रोड जायचा. पुढे त्या रस्त्याने टपाल आणि उतारू घेऊन घोडागाड्या धावू लागल्या. इथे माणसांना जेवण मिळे, घोड्यांना दाणापाणी. हाऊ घराण्याच्या चार पिढ्यांनी हा व्यवसाय सांभाळला.

मला वाटतं, वर्दळ दूर गेली म्हणूनच ही वास्तू वाचली. 1835 मध्ये बॉस्टन-वुस्टर रेल्वे दक्षिणेकडच्या फ्रेमिंगहॅमवरून गेली आणि घोडागाड्या ओसरल्या. 1861 मध्ये घराण्यातले शेवटचे मालक वारले. पुढच्याच वर्षी कवी लाँगफेलो इथे येऊन गेले. आजचं नाव मिळालं ते त्यांच्या 1863 च्या 'टेल्स ऑफ अ वेसाइड इन'मुळे. 1923 मध्ये सराई घेतली ती हेन्री फोर्ड यांनी, आणि मोटारींचा त्रास नको म्हणून हमरस्ताच बाजूला वळवला! डिसेंबर 1955 च्या आगीत बराच भाग जळाला, त्यामुळे दिसतं ते सगळंच मूळचं नाही. पण डागडुजी फार मनापासून केली आहे.

खोल्या जेमतेम दहा. ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला गर्दी होते, शिवाय आवारातल्या चॅपलमध्ये लग्नं असतात, तेव्हा आरक्षण बरंच आधी करा. जुन्या भागातलीच खोली मागा. तिथल्या टेबलांच्या खणांत, तुळयांच्या फटींत आधीच्या पाहुण्यांनी लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्या सापडतात. कुणी लग्नाच्या वाढदिवसाचं लिहिलंय, कुणी आजारपणातून उठल्याचं. वाचून होत्या तिथेच ठेवा. आम्ही आमची एक मराठीतली ठेवून आलो.

जेवण न्यू इंग्लंड पद्धतीचं, मांसाहाराकडे झुकणारं. शाकाहारी असाल तर टेबल राखतानाच विचारून घ्या. फोर्डनी 1929 मध्ये बांधलेली पाणचक्की चुकवू नका. तिथलं दगडी जात्यावरचं मक्याचं पीठ विकत मिळतं. गाडी हवीच, सडबरीला रेल्वे नाही. लहान मुलं किंवा आईवडील बरोबर असतील तर अ‍ॅशलँडचं लक्ष्मी मंदिर त्याच दिवशी सहज होतं.