हापूस हवा तर रायवळ राखा
आमच्या इकडे कोकणात गेल्या काही वर्षांत रायवळ आंब्याची, म्हणजे कलम न करता कोयीपासून वाढलेल्या गावठी आंब्याची झाडं धडाधड तुटतायत आणि त्याचा मला खरंच त्रास होतो. कुठे जमीन विकली म्हणून, कुठे हायवे रुंद झाला म्हणून, कुठे नुसतीच पेटीच्या फळ्यांना आणि जळणाला. विचारलं की उत्तर ठरलेलं, रायवळला रेट कुठाय? हापूसला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक आहेच, पण हापूसचं झाड उभं कशावर राहतं हे बागवाल्यांच्या पोरांनाही माहीत नसतं कधीकधी.

हापूसचा बाठा म्हणजे कोय पेरली तर हापूस येत नाही. त्यात एकच गर्भ असतो आणि तो दोन झाडांच्या संकरातून झालेला, त्यामुळे प्रत्येक रोप वेगळं निघतं, म्हणून कलमच बांधावं लागतं, म्हणजे हापूसची काडी दुसऱ्या रोपावर जोडावी लागते. आणि ते बांधायचं रायवळच्या रोपावर, कारण रायवळ काटक, मूळ खोल जातं, कातळातल्या फटीत पण शिरतं.

कोय कलम बांधताना एकदा जवळून बघाच. जून-जुलैमध्ये बाठे रुजत घालतात, दोनेक आठवड्यांत तांबूस कोंब वर येतो. पानं अजून तांबडी, लुसलुशीत असतानाच रोप बाठ्यासकट अलगद उपटायचं, शेंडा छाटायचा, दांड्याला मधोमध उभी चीर द्यायची आणि हापूसची काडी खाली पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची, वर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. काडीवरची पानं आठ-दहा दिवस आधीच देठ ठेवून कापलेली असतात म्हणजे डोळे फुगतात. बाठा मात्र तोडायचा नाही, काडी जुळेपर्यंत तीच त्या रोपाची शिदोरी असते. नंतर जोडाच्या खालून फुटवा आला की लगेच खुडायचा, नाहीतर रायवळच जोर धरतो आणि हापूस मागे पडतो.

आमच्या शेजारच्या आजोबांची छोटी नर्सरी आहे. वाडीतलं एक जुनं झाड तोडायचं ठरलं तेव्हा ते येऊन म्हणाले, "तोडू नको रे झिला, ह्या झाडाच्या बाठ्यांवर माझी कलमां जगतत." झाड राहिलं.

अजून एक गोष्ट, एकाच मोहोरात नर फुलं आणि द्विलिंगी फुलं दोन्ही असतात, फळ फक्त द्विलिंगी फुलाला धरतं आणि हापूसमध्ये ती मुळातच कमी. शिवाय हापूसला स्वतःच्या परागाने फळ नीट धरत नाही, म्हणून बागेत दुसऱ्या जातीची थोडी झाडं ठेवा असं सांगतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हापूस आणि नीलम यांच्या संकरातून रत्ना काढला, त्यात साका, म्हणजे गर आतून पांढरट-स्पंजासारखा खराब होणं, होत नाही, तो लावा, पण बांधावरचा रायवळही परागाला उपयोगी पडतोच. माश्या, मधमाश्या काय जात बघून बसत नाहीत.

आणि खाण्याचं म्हणाल तर बिटक्यांचं म्हणजे छोट्या रायवळ आंब्यांचं रायतं, मिठाच्या पाण्यातले आंबे, माशाच्या कालवणात टाकायची आंबोशी म्हणजे कैरीच्या सुकवलेल्या फोडी, ताटाला तूप लावून आंब्याच्या रसाचं थरावर थर सुकवलेलं साठं, ह्यातलं बरंचसं रायवळवरच चालतं. हापूसचं साठं गोड होतं पण ती आंबटसर चव नाही येत. आमच्याकडे झाडागणिक नावं आहेत, शेपूचा वास येतो तो शेप्या, गर खोबऱ्यासारखा लागतो तो खोबऱ्या. प्रत्येक झाड बाठ्यापासून आलेलं म्हणजे जगात एकमेव, ते गेलं की ती चव गेली, कारण त्याचं कलम कोणी बांधून ठेवलेलंच नसतं.

म्हणून यंदा एवढं करा. चांगल्या रायवळचे बाठे उकिरड्यावर टाकू नका, धुवून सावलीत ठेवा आणि आठवड्याभरात नर्सरीत द्या किंवा स्वतः रुजत घाला, फार सुकले की रुजत नाहीत. आणि घरचं झाड आवडीचं असेल तर त्याच्याच काड्या देऊन दोन-चार कलमं बांधून घ्या, कलम बांधणारा माणूस हापूसचं बांधतो तसंच तेही बांधून देतो.