लग्नानंतरची गोष्ट: ईव्ह, रोर्क आणि २०५८ चं न्यूयॉर्क

तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी ईव्ह आणि रोर्कचं लग्न लागतं आणि मला विचाराल तर ‘इन डेथ’ सिरीज खरी तिथून सुरू होते. प्रेमकथा म्हटली की आपल्याला सवय कसली, तर दोघं भेटणार, भांडणार, मध्ये कोणतरी येणार आणि मंगलाष्टकं झाली की पुस्तक मिटणार. इथे लग्न उरकल्यावर पुढे पन्नासहून जास्त कादंबऱ्या आहेत आणि बाई अजून लिहितायत.

बाई म्हणजे नोरा रॉबर्ट्स. रोमान्स लिहिण्यात आधीच मोठं नाव झालेलं, त्यात १९९५ साली जे. डी. रॉब असं वेगळंच नाव घेऊन त्यांनी ही पोलीस-मिस्टरी सुरू केली (जे. डी. म्हणजे त्यांच्या दोन मुलांच्या नावांची पहिली अक्षरं, जेसन आणि डॅन). वर्षाला साधारण दोन पुस्तकं येतात, २०२० मध्ये पन्नासावं आलं, त्यानंतरही थांबलेलं नाही. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे वेळेचा हिशोब. पहिलं पुस्तक २०५८ च्या फेब्रुवारीत घडतं आणि पन्नासावं येईपर्यंत गोष्टीत कसंबसं २०६१ उजाडलेलं असतं. इकडे वाचणारे पंचवीस वर्षांनी मोठे झाले, तिकडे त्या दोघांच्या संसाराला तीन वर्षंसुद्धा झालेली नाहीत. म्हणजे एकेक महिना, एकेक भांडण, एकेक सण असं सावकाश बघायला मिळतं, एवढी सवड दुसऱ्या कुठल्या सिरीजने नवराबायकोला दिलेली मी तरी वाचली नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेफ्टनंट ईव्ह डॅलस, न्यूयॉर्क पोलिसात होमिसाइड, म्हणजे खुनाच्या केसेस, बघते. पहिल्या पुस्तकात सिनेटरच्या नातीचा खून होतो, ती लायसन्स घेऊन धंदा करणारी असते (या भविष्यात ते कायदेशीर आहे), आणि खून होतो जुन्या काळच्या पिस्तुलाने. हे महत्त्वाचं, कारण अर्बन वॉर्स नावाच्या दंगली-युद्धांतून गेलेल्या त्या जगात बंदुकांवर बंदी आलेली आहे, पोलीसही स्टनर (जीव न घेता माणसाला आडवं करणारं हत्यार) वापरतात, त्यामुळे जुनी हत्यारं सापडणार फक्त संग्रह करणाऱ्यांकडे. आणि तसा एक संग्राहक म्हणजे रोर्क. डब्लिनच्या गल्लीत वाढलेला, चोऱ्यामाऱ्या करून वर आलेला आणि आता अर्ध्या जगाचा मालक असलेला माणूस. म्हणजे हिरो पहिल्यांदा भेटतो तोच संशयित म्हणून! तो तिला हिरे वगैरे पाठवत नाही, खऱ्या कॉफीची पिशवी पाठवतो. तिथे खरी कॉफी श्रीमंतांनाच परवडते, बाकी सगळे सोयाचं कायबाय पितात. ईव्ह त्या कॉफीवर आधी भाळते, माणसावर नंतर.

हे मी म्हापशाच्या मावशीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “त्यात काय नवल गो, सूर (माडी) घालून फुगवलेला पाव तरी आता कुठे मिळतो? पोदेर (पाववाला) येतो रोज, हॉर्न वाजवतो, पण ती चव गेली ती गेली.” मला एकदम पटलं. साठेक वर्षांनंतरचं जग लिहायचं तर उडत्या गाड्या कोणीही लिहील, पण रोजच्या खाण्यापिण्यातलं काय नाहीसं झालेलं असेल ते ज्याला सुचतं त्याचं जग खरं वाटतं.

मावशीबद्दल सांगायला हवं, कारण ही सिरीज मी तिच्यासोबतच वाचली असं म्हणते मी. तिला इंग्लिश वाचायला जमत नाही, पण रहस्यकथांवर वाढलेली बाई, बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार तिला अजून आठवतो. मी पुस्तक संपवलं की शनिवारी तिच्याकडे जायचं, सोप्यावर बसायचं आणि तिला अख्खी गोष्ट सांगायची, अर्धी मराठीत अर्धी कोंकणीत, आणि दर दहा मिनिटांनी तिचं “मागीर कितें जालें?” (मग काय झालं?) खुनी कोण ते ती बऱ्याचदा माझ्याआधी ओळखते. पण लग्न झाल्याचं सांगितलं तेव्हा तिने हात झटकले, म्हणाली झालं की मग, आता पुढे काय उरलं सांगायला? मी म्हटलं थांब, पुढचं ऐक.

मला पुस्तकं मिळाली ती कळंगुट-बागाकडच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून. फिरायला आलेले लोक बीचवर वाचून झाल्यावर पेपरबॅक इथेच टाकून जातात, परत न्यायचं वजन नको म्हणून, आणि त्या ढिगात ‘इन डेथ’ हटकून असायची. साहजिकच हाताला येईल ते वाचायचं, क्रम वगैरे काही नाही. खून दर पुस्तकात नवा आणि त्याच पुस्तकात सुटतो, त्यामुळे अडत काही नव्हतं, पण घरातली माणसं मात्र उलटसुलट व्हायची. ईव्हच्या हाताखालची पीबडी एका पुस्तकात डिटेक्टिव्ह, पुढच्यात परत युनिफॉर्ममध्ये. तिची मैत्रीण मेव्हिस, तिला एकात मूल झालेलं, दुसऱ्यात ती नुसतीच क्लबात गाणारी उडाणटप्पू पोरगी. मग इ-बुकवर एकापासून सगळी ओळीने घेतली, पणजीला जाताना कदंब बसच्या शटलमध्ये एक प्रकरण आणि येताना एक, आणि तेव्हा लक्षात आलं की खुनांच्या मागे एक सलग गोष्ट चालू आहे आणि तीच मोठी आहे.

ती गोष्ट अशी की ईव्ह आठ वर्षांची असताना डॅलसमधल्या एका गल्लीत सापडली होती, हात मोडलेला, अंग रक्ताने भरलेलं, स्वतःचं नाव माहीत नाही. नाव सरकारी लोकांनी दिलं, आडनाव तर शहराचंच. बाप तिच्यावर अत्याचार करत होता आणि शेवटी तिच्याच हातून मेला, हे तिला तुकड्या-तुकड्यांनी आठवत जातं, एका पुस्तकात नाही, कितीतरी. इकडे रोर्कचा बापही मारहाण करणारा, त्याला उचलून घरी आणून वाढवला तो समरसेटने, जो आता त्या महालाचा बटलर आहे आणि ईव्हशी ज्याचं एक मिनिट पटत नाही. ती रोज घरात शिरली की कोट मुद्दाम जिन्याच्या कठड्यावर फेकते, फक्त त्याला चिडवायला. मावशीला ही सासू-सुनेची जोडी फार आवडते, तिच्या मते समरसेटइतकी खमकी सासू साऱ्या बार्देशात सापडायची नाही.

अशी दोन माणसं, ज्यांना घर म्हणजे काय हे लहानपणी कोणी दाखवलंच नाही, ती एकत्र राहायला शिकतात. जेवायचं वेळेवर. रात्री उशीर होणार असेल तर कळवायचं. दुसऱ्याच्या ऑफिसच्या पार्टीला कंटाळा आला तरी जायचं. ईव्ह या सगळ्याला लग्नाचे नियम म्हणते आणि ते पाळताना दिसते, कुरकुरत का होईना. आपल्याला ही सगळी रोजची साधी कामं वाटतात, पण तिला प्रत्येक गोष्ट नव्याने शिकावी लागते. ती भयानक स्वप्नं पडून उठते तेव्हा रोर्क तिला धरून बसतो, आणि सकाळी तिच्या पुढ्यात नाश्ता ठेवल्याशिवाय हलत नाही. तिच्या जॅकेटचं एक साधं करडं बटण पहिल्या भेटीत तुटून पडलं होतं, ते तो कायम खिशात ठेवतो. एवढा अब्जाधीश माणूस, आणि खिशात बटण.

त्याने तिला घरात काम करायला जागा दिली ती तिच्या जुन्या फ्लॅटसारखी हुबेहूब करून. त्या एवढ्या मोठ्या घरात ती बुजेल, तिला स्वतःचा एक कोपरा लागेल, हे त्याला न सांगता कळलं. आणि मग किती पुस्तकांनंतर, तीसच्याही पुढे गेल्यावर, ती आपणहून म्हणते की आता ही खोली बदलू, आपल्या दोघांची करू. कुठला मोठा प्रसंग नाही, खोलीचे पडदे-टेबल बदलायचं बोलणं. पण मी ते वाचताना पर्वरीचा स्टॉप चुकवायच्या बेतात होते, एवढं भरून आलं, कारण त्या एका वाक्यामागे सगळी मागची पुस्तकं उभी होती. दोनशे पानांच्या रोमान्समध्ये हे लिहिताच येणार नाही, जागाच नाही तेवढी.

भांडणंही तशीच खरी. ‘डिव्हायडेड इन डेथ’ मधलं तर मी मावशीला दोन शनिवार पुरवून सांगितलं. त्यात कळतं की ईव्ह लहान असताना सरकारी गुप्तहेर तिच्या बापावर पाळत ठेवून होते, त्या खोलीत काय चाललंय ते त्यांच्या कानावर येत होतं आणि ऑपरेशन बिघडेल म्हणून कोणी हललं नाही. रोर्कला ते लोक मारायचेत. तो मारू शकतो, तेवढा पैसा आणि तेवढा भूतकाळ त्याच्याकडे आहे. ईव्ह पोलीस आहे, तिला ते चालणार नाही, आणि ज्याचं दुःख आहे ती स्वतःच म्हणतेय सोड. आता यात बरोबर कोण? शेवटी तो सोडतो, पटलं म्हणून नव्हे, तिच्यासाठी म्हणून. आणि हे सोपं गेलं असं लेखिका दाखवत नाही, दोघं कितीतरी पानं एकमेकांशी धड बोलतही नाहीत. मावशी हे ऐकून बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “सूड सोडणं म्हणजे पुरुषाला हात तोडून देण्यासारखं. त्याने दिला. आता नाही मी विचारणार लग्नानंतर काय उरलं.”

पोलिसाचं कामही लेखिका मनापासून लिहिते. ईव्ह मेलेल्या माणसाच्या बाजूने उभी राहते, तो माणूस चांगला होता की वाईट हे तिच्यासाठी नंतरचं. बोर्डवर मृतांचे फोटो लावायचे, परत परत जागेवर जायचं, पैसा कुठून कुठे गेला ते रोर्ककडून काढून घ्यायचं, फीनी नावाच्या अधिकाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक विभागाने कॅमेरे-कॉम्प्युटर उकलायचे. आणि चौकशीच्या खोलीतले सीन! संशयिताचा अहंकार नेमका कुठे आहे ते ती शोधते आणि तिथेच बोट ठेवते, आणि तो स्वतःच फुशारकीत सगळं ओकतो. हे सीन मी मावशीला आवाज बदलून वाचून दाखवते.

सगळंच छान आहे असं नाही. पन्नास पुस्तकांत काही खुनी एकाच साच्यातले निघतात, विशेषतः लाडावलेले श्रीमंत लोक, ज्यांना दुसऱ्याचा जीव म्हणजे खेळ वाटतो. काहींमध्ये खुनी कोण ते लवकरच सांगून टाकलंय, मग फक्त पाठलाग उरतो, मला ते तितकं धरत नाही. बेडरूमचे सीन जवळपास दर पुस्तकात आहेत आणि मधल्या पुस्तकांत मी ते भराभर उलटते. भविष्य १९९५ मध्ये कल्पलेलं असल्याने २०५८ मध्येही सगळे पुरावे डिस्कवर ठेवतात, आणि आपण आत्ताच डिस्क विसरलो. मला त्याचा त्रास होत नाही. उलट व्हिडिओ कॉल, घरातल्या घरात आवाजावर चालणारा कॉम्प्युटर, हे तेव्हा लिहिलेलं आज आपल्या हातात आहे हे वाचताना मजा येते.

ज्यांना सुरू करायचीय त्यांनी पहिली तीन, म्हणजे ‘नेकेड’, ‘ग्लोरी’ आणि ‘इम्मॉर्टल’, ओळीने वाचा, मध्ये थांबू नका. नंतर घाई नसेल तर क्रमानेच चला, पण कंटाळलात तर निदान ‘पोर्ट्रेट इन डेथ’ पर्यंत या, रोर्कला त्याच्या आईबद्दल काय कळतं आणि तो आयर्लंडला कोणाच्या दारात जाऊन उभा राहतो ते चुकवू नका, मी सांगणार नाही. फक्त एक, लहान मुलांवरच्या अत्याचाराचं वर्णन ज्यांना झेपत नाही त्यांनी आधी विचार करा, ते सौम्य करून लिहिलेलं नाही आणि परत परत येतं.

माझ्याकडच्या कळंगुटच्या जुन्या प्रती म्हापसा-पर्वरी भागात कोणाला हव्या असतील तर सांगा, देईन. ‘पोर्ट्रेट’ तेवढं देणार नाही, ते मावशीकडे आहे, वाचता येत नसलं तरी तिने उशाला ठेवलंय.